कोंबडीचा प्रवेश

वैशाख शुद्ध सप्तमी, शनिवार. सावित्रीच्या वाळवंटात नाटक. माझे बाकाचे तिकीट आठ आणे, बायकांच्या बाकाची दोन तिकिटे प्रत्येकी सहा आणे, जमिनीचे एक चार आणे. एकूण दीड रुपया, रोख. हजर: मी, आमच्या घरची मंडळी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणारी ठकूबाई आणि तिचा मुलगा गणू. या गोष्टीला यंदा आठ वर्षे झाली. दीड रुपया कधीच विसरलो असतो. त्या दीड रुपयानंतर जे झाले त्याचा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि परवा तो पुन्हा भडकला.

यंदाचा वैशाखही तसाच आहे. महाड उन्हाळ्यात पातेल्याच्या बुडाशी बसल्यासारखे होते. चहूकडून डोंगर, आणि वारा वरच्यावर निघून जातो. सावित्री एका काठाला सरकून बसते, वाळू उघडी पडते, आणि कुठली ना कुठली नाटक कंपनी दासगावच्या बंदरावर उतरून बैलगाड्यांतून पेटारे घेऊन येते. वाळूत बांबू रोवतात, कनात ताणतात. वर छप्पर नसते, आभाळ असते. दिवसभर तापलेली वाळू रात्रीपर्यंत धग सोडत नाही, त्यामुळे जमिनीचे तिकीट काढणारा पहिला अंक उकिडवा बसून पाहतो आणि दुसऱ्या अंकाला हळूच मांडी घालतो. करवंदे विकणाऱ्या पोरी, गॅसच्या बत्त्यांवर आपटणारी पाखरे, कनातीच्या जुन्या कापडाचा कुबट वास. हे सगळे मला आवडते. नाटकाचा मला तिटकारा आहे असे कोणी समजू नये. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

परवा दुकानासमोरून ढोलके वाजवत कंपनीची गाडी गेली. एक कागद माझ्या वजनकाट्यावर येऊन पडला. जुने, गाजलेले विनोदी नाटक. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'सुप्रसिद्ध कोंबडीच्या प्रवेशासह.' त्याखाली मूळ नाटककाराचे नाव. ते गृहस्थ वारल्याला कितीतरी वर्षे झाली. त्यांनी आयुष्यात कोंबडी पाहिली असेल. पण ही कोंबडी त्यांची नव्हे. ही कोंबडी ठकूबाईची आहे, आणि प्रवेश तिच्या नवऱ्याचा. हे सांगणारा आज मी एकटाच उरलो आहे. ठकूबाई गेल्या पावसाळ्यात गेली, म्हणूनच आता लिहिता येते. ती असती तर एक शब्द लिहिला नसता. का, ते पुढे कळेल.

ठकूबाई आमच्या दुकानी हिरडा आणि नाचणी घालायची. उन्हाळ्यात करवंदांची पाटी. साठीची, काटक, बोलायला फटकळ. त्या वर्षीही अशीच गाडी गेली, ढोलके वाजले, आणि तिने विचारले, "तात्या, कसलं नाटक ओ ह्ये? काय नाव घेतलान त्येनं?"

मी नाव सांगितले. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"वैदाचं? दोन जावय एका दिशी येतात, त्यातला एक खोटा असतो, त्येच?"

"तेच. तुला कसे ठाऊक?"

"मला ठाव नाय तर कुणाला? त्यात माजीच तर गोष्ट हाय."

आम्ही हसलो. ती हसली नाही. मग ओटीवर बसून, चहा बशीत ओतून, तिने सांगितले ते असे.

गणू लहान असताना त्याला ताप भरला. नवरा मुंबईत गिरणीत. ठकूबाई पोराला पाठीला बांधून पोलादपुरात एका वैद्याकडे आली. वैद्य म्हणाला, आधी फी. हिच्याजवळ पैसा नव्हता, कोंबडी होती. वैद्याने कोंबडी घेतली. हिने दिलीही, पण कोंबडीच्या पायाच्या दोरीचे दुसरे टोक हिने आपल्या मनगटाला गुंडाळून ठेवले. म्हणाली, "कोंबडी तुमची, दोरी माजी. पोराचा ताप उतरला की सोडते." आणि वैद्याच्या पडवीत ठाण मांडून बसली. कोंबडी घरात, दोरी उंबऱ्यावरून बाहेर, आणि बाजाराला येणारे जाणारे सगळे पाहताहेत. वैद्याने दोरी सोडवायला हात लावला की ही ओढायची, कोंबडी फडफडायची आणि वैद्याच्या पुड्या उधळायच्या. ताप उतरला तेव्हा हिने दोरी सोडली, पोराला उचलले आणि डोंगर चढली.

बाईने शौर्य केले असे आपण म्हणू. वाडीने तसे म्हटले नाही. मोठ्या माणसाशी पोरकटपणा केला, घराचे नाक कापले, आता वैद्य वाडीच्या कुणालाच हात लावणार नाही, असे झाले. सासू बोलेना. बायका पाणवठ्यावर तिला 'दोरीवाली' म्हणू लागल्या. हिला माहेरी धाडा, इथवर गोष्ट आली.

"मग शिमग्याला गणूचा बापूस आला," ठकूबाई म्हणाली. "समद्यांनी त्याच्या कानाशी लावलानी. त्यो आयकत ऱ्हायला. मग होळीच्या माळावर समद्या वाडीसमोर उठला न म्हनला, अरे खुळ्यांनो, हसताय काय? मुंबयत मोठं नाटक चाललंय, त्यात ह्येच हाय! वैद, कोंबडी, दोरी, समदं! अशी बाय रंगात येते तवा सायेब लोक उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवतात! आनि समदं नाटक करून दाखवलान. दोन जावय, खोटा जावय, आनि मधी मी."

त्यानंतर दर शिमग्याला त्याने ते नाटक करून दाखवले. मरेपर्यंत. वाडीतल्या पोरासोरांना पाठ झाले. 'दोरीवाली' ही शिवी राहिली नाही, तो मान झाला. सून घेताना सोयऱ्यांना सांगत, ही ती नाटकातली. मुंबईच्या रंगभूमीवर आपल्यासारखीच एक बाई रोज उभी राहते आणि लोक तिला टाळ्या देतात, या एका गोष्टीवर या बाईने अर्धे आयुष्य ताठ मानेने काढले होते. आता तेच नाटक तिच्या पायाशी वाळूत आले होते.

"मला दाखवा, तात्या. ह्या पाटीतली करवंदं घ्या समदी."

करवंदे घेतली. तिकिटे काढली. ती कशी, ते वर दिलेच आहे.

दारावर पहिली चकमक झाली. दारवान म्हणाला, "ह्या बाई बाकावर नाही बसायच्या. मागे चटई आहे."

"तिकीट बाकाचे आहे. सहा आणे घेतलेत."

"पुढे वकिलांकडच्या, मामलेदारांकडच्या बायका आहेत. उगाच कुरबूर नको."

त्या दिवसांत तळ्याच्या पाण्यावरून गाव आधीच तापलेले. कोणी कुठे उभे राहावे, कोणी कुठे बसावे यावरून माणसे एकमेकांकडे वाकड्या नजरेने पाहत होती. पण मला याचा संताप येतो की बाकाचे पैसे घेताना ह्यांना कुरबूर आठवत नाही. मी म्हटले, चटईचे चार आणे असतील तर दोन आणे परत द्या. तो म्हणाला, परत द्यायची रीत नाही. आवाज चढला. मागे रांग खोळंबली. तेवढ्यात आमची मंडळी आत गेली, पुढच्या बाकाकडे न वळता मागच्या चटईवर जाऊन बसली आणि म्हणाली, "या ठकूबाई, इथे वारा बरा लागतो." मामलेदारांकडच्या बाईंनी वळून पाहिले. आमच्या घरातून त्यांना हसून नमस्कार गेला. मी आठ आण्यांच्या बाकावर जाऊन बसलो, पण पहिला अंक मला दिसला नाही. रागाने दिसत नव्हते.

नाटक चांगले झाले. हे मी मान्य करतो. वैद्याचे काम करणारा नट, बाबूराव म्हणत त्याला, नुसता घसा खाकरला तरी वाळवंट हसत होते. खोटा जावई माजघरात शिरतो तिथे जमिनीवरचे लोक हसून वाळूत लोळले. गणूही हसत होता. पण मधून मधून बायकांच्या पडद्याआडून एक आवाज यायचा, "आता यायची. थांब गो बाय, आता यायची कोंबडीवाली."

दुसरा अंक गेला. तिसरा गेला. दोन्ही जावई एका ताटात जेवले, खोटा पकडला गेला, वैद्याने मुलीचा हात खऱ्याच्या हातात दिला, मंगलाष्टक झाले, पडदा पडला. कोंबडीवाली आली नाही.

ठकूबाई उठेना. चटईवर बसून राहिली. मी गेलो तेव्हा ती माझ्याकडे न पाहता बोलली, "माजा भाग खाल्लानी ह्येंनी."

गणू मान खाली घालून उभा होता. त्याच्या तोंडावरचे हसू गेले होते. तो काय विचार करत होता ते मला कळले, कारण मीही तोच करत होतो. पण मी तो विचार झटकला आणि कंपनीवर घसरलो. कंपन्या प्रवेश गाळतात हे सर्वांना ठाऊक आहे. पदांना 'वन्समोअर' घेतात आणि वेळ भरून काढायला मधला मजकूर कापतात. तीन अंकांचे पैसे घ्यायचे आणि अडीच अंक दाखवायचे! मी त्या रात्री झोपलो नाही. झोपेत सुद्धा मी मॅनेजरशी भांडत होतो, असे घरी म्हणतात.

सकाळी कंपनीच्या बिऱ्हाडी गेलो. ठकूबाई आणि गणू बरोबर. राजे, राण्या, जावई, सगळे उघडे बसून तांब्याच्या घंगाळातल्या आंघोळीच्या पाण्यावरून भांडत होते. मॅनेजर दाढी करत होता. मी म्हटले, "कोंबडीचा प्रवेश का गाळलात?"

"कसला कोंबडीचा?"

"वैद्याचा, कोंबडीचा, दोरीचा."

"अहो, ह्या नाटकात कोंबडी नाही. अंडेसुद्धा नाही."

भोवतालची मंडळी हसली. मी आणखी चिडलो. म्हटले, नाटकाचे पैसे परत द्या, नाहीतर गावभर सांगतो. मॅनेजरने वस्तरा खाली ठेवला. तेवढ्यात खांबाला टेकून दात घासणारे बाबूराव पुढे आले. त्यांनी ठकूबाईकडे पाहिले. म्हणाले, "मावशी, कोण सांगतं असा प्रवेश आहे?"

"गणूचा बापूस."

"नाव काय त्यांचं?"

तिने मान हलवली. नवऱ्याचे नाव ती कसे घेणार? गणू म्हणाला, "रामजी."

"सांगा बघू, कसा होता."

ठकूबाईने सांगितला. सांगता सांगता उठली. पदर खोचला, गणूला वैद्य करून बसवले, हातातल्या पिशवीची कोंबडी केली. वैद्याचे बोलणे तिने नवऱ्याच्या आवाजात केले, हे मला गणूच्या चेहऱ्यावरून समजले. दोरी ओढली की वैद्य कसा कोलमडतो, पुड्या कशा उडतात, सगळे तिने केले. घंगाळाजवळचे भांडण थांबले. शेवटी ती म्हणाली, "आनि मंग सायेब लोक उभं ऱ्हातात." आणि स्वतःच उभी राहिली. कोणी हसले नाही.

बाबूरावांनी तोंडातली राखुंडी थुंकली. मॅनेजरकडे वळून, अगदी सहज आवाजात म्हणाले, "होता की हा प्रवेश. थोरल्या बुवांच्या वेळेला करत असत. तुम्ही तेव्हा नव्हता कंपनीत. हल्ली गाळतो आपण." मग तिला म्हणाले, "मावशी, चूक झाली. परवा हाच खेळ पुन्हा आहे. करतो."

ठकूबाईने गणूकडे पाहिले. फक्त एकदा. पण काय पाहिले! चाळीस वर्षांची वसुली त्या एका नजरेत होती.

ती दोघे पायऱ्या उतरल्यावर बाबूरावांनी मला बाजूला घेतले. "वीस वर्षं वैद्य करतोय. असला प्रवेश नाही. कधीच नव्हता. पण तुम्ही बोलू नका."

मी खोटे बोलणारा माणूस नव्हे. मापात, वजनात, बोलण्यात. क्षणभर मला त्या नटाचाही राग आला. आणि त्या रामजीचाही, मेलेल्या माणसाचा, ज्याने इतकी वर्षे अख्ख्या वाडीला फसवले. मग वाटले, गिरणीतला एक माणूस. बायकोला माहेरी घालवू नये म्हणून भर माळावर उभा राहतो. त्याच्याजवळ पैसा नाही, वजन नाही, वाडीत शब्द नाही. जवळ काय, तर चार आण्यांच्या जागेवरून पाहिलेले एक नाटक. त्याने बायकोला त्या नाटकात नेऊन लपवले. जिथे वैद्याचा हात पोचणार नाही आणि सासूची जीभ पोचणार नाही अशा जागी. मी गप्प राहिलो. इतकी वर्षे राहिलो.

मंगळवारी मॅनेजरने पहिली अडचण काढली: कोंबडी कुठून आणायची? बाबूराव म्हणाले, बाजारातून. मॅनेजर म्हणाला, कंपनीकडे सुटे पैसे नाहीत. मी म्हटले, कोंबड्या विकणाऱ्या कासमभाईकडे माझे नाव सांगा, तो देईल. पैसे कंपनीने सकाळी पोचवावेत. बरे, म्हणाला. लाल, तुरेवाली, चांगली भरलेली कोंबडी आली.

त्या रात्री बाबूराव रंगलेल्या तोंडाने स्वतः दाराशी आले, ठकूबाईला हाताला धरून बायकांच्या पुढच्या बाकावर बसवून गेले. दारवान वाळूत काहीतरी हरवल्यासारखा खाली पाहत राहिला. तिसऱ्या अंकात ती आली. बाईचे काम करणारा नट डोंगरातल्या बायकांसारखे आखूड लुगडे नेसला होता. कोंबडी बाबूरावांच्या मांडीवर, दोरी त्या नटाच्या मनगटाला. दोरी ओढली, कोंबडी उडाली, पुड्या उधळल्या, वैद्य उताणा पडला. महाड इतके हसलेले मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. जमिनीवरचे लोक उभे राहिले. बाकावरचे उभे राहिले. मामलेदारांकडच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या.

ठकूबाई मात्र बसून होती. नंतर घरी आमच्या मंडळीने सांगितले की ती एवढेच म्हणाली, "बाय, लुगड्याचा काठ पन माज्यावानीच घेतलान त्येनी." मग, "सोमवारी त्यो मला इचारत होता, काठ कसला होता म्हनून." तिला कळले की नाही हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. कळले असेल तर तिने बाबूरावांचा मान राखला. नवऱ्याचा तर राखलाच.

खेळ संपल्यावर बाबूरावांनी पडद्यापुढे येऊन ती कोंबडी ठकूबाईच्या ओटीत घातली. पुन्हा टाळ्या झाल्या.

आता यंदाचे. परवा मी एकटाच गेलो. बाकाला आता दहा आणे पडतात. बाबूराव हयात नाहीत, वैद्य दुसरा आहे आणि कोंबडी कापडाची आहे. कापडाची कोंबडी! खेळाआधी आमच्या गावच्या एका पदवीधराने भाषण केले. म्हणाले, ग्रामीण स्त्रीच्या स्वभावाचे हे सूक्ष्म निरीक्षण मूळ नाटककाराच्या प्रतिभेची साक्ष आहे. मी बाकावर बसल्या बसल्या पेटलो. खेळ संपल्यावर मॅनेजरला गाठले. हा नवा आहे, तरतरीत, सोन्याच्या काड्यांचा चष्मा.

"प्रवेश रामजीचा आहे. कागदावर नाव घाला."

"रामजी कोण?"

"गिरणी कामगार होता. वारला."

"पुरावा काय?"

"मी."

तो हसला. "अहो, प्रवेश महाराष्ट्रभर चालतो. पुण्यात ह्या प्रवेशासाठी लोक येतात. असे रामजी प्रत्येक गावात निघतील."

निघू देत! मी म्हणतो, निघू देत. प्रत्येक गावात एक रामजी असेल तर प्रत्येकाचे नाव छापा. कागद स्वस्त आहे. तुम्ही 'सुप्रसिद्ध' छापता, 'आग्रहास्तव' छापता, 'स्त्रियांची स्वतंत्र सोय' छापता आणि त्यांना चटईवर बसवता. एक नाव तुम्हाला जड होते? ज्या माणसाने प्रवेश रचला त्याने तो पैशासाठी रचला नाही, टाळ्यांसाठीही नाही, हे खरे. पण म्हणून तो बेवारशी ठरत नाही. आणि ज्या बाईने तो आधी जगून दाखवला, तिच्या लुगड्याचा काठसुद्धा तुम्ही अजून वापरता. परवा पाहिला मी. तोच काठ.

हे सगळे मी त्याला बोललो. तो म्हणाला, "आपल्याला दोन पास देऊ का उद्याचे?"

पास घेतले नाहीत.

तर कंपनीने या प्रवेशापोटी आजवर दिले ते एवढे: एक लाल कोंबडी, ठकूबाईस, ओटीत घालून, टाळ्यांच्या गजरात. आणि तीही कंपनीने दिली असे म्हणता येत नाही. त्या वर्षी बुधवारी पहाटे गाड्या भरून कंपनी गेली. दुपारी कासमभाई दुकानी येऊन उभा राहिला. पैसे पोचले नव्हते. नाव माझे सांगितलेले होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ठकूबाई नाचणी घेऊन आली तेव्हा मी रागारागाने तिला ही हकीकत सांगितली. तिने पाटी उतरवली, तिच्यातून पाच अंडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तात्या, तुमी येवढं हिशेबाचं मानूस. कोंबडी दिलीत ती दिलीत, पन दोरी कशी सोडलीत?"

मी ती पाच अंडी वहीत जमा मांडली.

कोंबडीचे दहा आणे. दिले मी, कासमभाईस, रोख.